आजोबांचा वस्तरा आणि टेंपरिंगचा धडा

आपलं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा वस्तरा सापडला. पात्याच्या मुळाशी 'शेफील्ड' अशी इंग्रजी अक्षरं, बाकी सगळा गंज. शेफील्ड म्हणजे इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. तिथेच १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवून ते एकजिनसी करण्याची पद्धत बसवली.

मी वस्तरा थेट वर्कशॉपमध्ये आणला. म्हटलं, बफिंग व्हीलवर धरला की पाच मिनिटांत आरसा! सरांनी वेळीच थांबवलं. म्हणाले, "हीट ट्रीटमेंट फक्त पेपरात लिहायला शिकलास का?"

वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा जास्त कार्बन असतो. लालभडक तापवून झटकन थंड केलं की ते कडक होतं, पण ठिसूळही. म्हणून पुन्हा २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून ठिसूळपणा कमी करतात. हेच टेंपरिंग. धारेजवळ पातं इतकं पातळ असतं की घर्षणाची उष्णता पसरायला जागाच नसते. निळी झाक दिसली, म्हणजे तापमान ३०० च्या घरात गेलं आणि कडकपणा उतरला. मग कितीही पाजळा, धार टिकत नाही!

शेवटी पुण्यातल्या एका जुन्या कारागीर काकांकडे वस्तरा दिला. त्यांची पद्धत अशी :

१) आधी भिंगातून तपासणी. धारेला तडा असेल, तर खर्च करण्यात अर्थ नाही.

२) मुठीची पिन काढून पातं वेगळं केलं. गंज हाताने, तेल आणि बारीक पॉलिश पेपरने काढला. 'शेफील्ड' अक्षरांना हात लावला नाही. गंजाचे खोल खड्डेही ठेवले. ते घालवायचे तर चांगलं पोलाद घासावं लागतं.

३) पाण्याच्या दगडावर धार. आधी १००० ग्रिट, मग ४०००, ८००० आणि १२०००. पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, म्हणून कोन आपोआप मिळतो. आपल्या वस्तऱ्याची पाठ ५ मिमी जाड, पाठीपासून धार १८ मिमी. ट्रिगनॉमेट्री लावा, कोन येतो सुमारे १६ अंश. जिग नाही, फिक्श्चर नाही!

४) शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाजळणं. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. उलटं केलंत तर पट्टाच कापला जाईल.

वस्तरा परत देताना काका म्हणाले, "वापरून झाला की कोरडा पुसायचा, तेलाचा थेंब लावायचा. नुसता पेटीत ठेवलास तर पुन्हा गंजेल."

दिवाळीत बाबांनी त्याने दाढी केली. दोनदा कापलं, पण तक्रार नाही. नंतर वस्तरा पुसून, तेल लावून त्यांनी तो ट्रंकेत न ठेवता आरशाजवळ ठेवला. काही बोलले मात्र नाहीत.

सरांनी त्या दिवशी हात धरला नसता, तर माझ्या पाच मिनिटांत आजोबांची एवढी एक वस्तू कायमची गेली असती. टेंपरिंगवर प्रश्न आला की आता मला पुस्तक आठवत नाही, हा वस्तरा आठवतो.