घड्याळ डोळा उघडल्यापासून मोजा

गेल्या महिन्यात एक ट्रकचालक दवाखान्यात आले. वय शेहेचाळीस, गाडीवर पंचवीस वर्षं. तक्रार उजव्या खांद्याची होती. खांदा केबिनमध्ये आपटला होता. कसा आपटला, असं विचारलं तर ते गप्प राहिले. शेजारी बसलेल्या बायकोनं सांगितलं, ‘‘ह्यांचा डोळा लागला होता, डॉक्टर. घाटात.’’

मग ते बोलते झाले. पहाटे पाचला उठून गाडी घेऊन पिंपळगाव बसवंतला गेले होते. लिलाव झाला. मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याची निवड, गोण्या भरणं, वजन, हमालांची वाट बघणं. गाडी भरून ताडपत्री आवळेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. बाराला निघाले. उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला पोचायचं होतं. घोटीचा टोलनाका त्यांना आठवतो. त्यानंतरचं आठवतं ते एकदम क्लिनरचं ओरडणं. गाडी कसारा घाटाच्या तोंडाशी कठड्याला घासत चालली होती. त्यांनी स्टिअरिंग ओढलं, ब्रेक मारला आणि ते दारावर आदळले. कुणी दगावलं नाही.

‘‘पण साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘गाडी तर मी अडीच तासच चालवली होती.’’

आजचा लेख या एका वाक्यासाठी आहे. गाडी अडीच तास चालली, हे खरं. पण माणूस साडेएकवीस तास जागा होता. शरीराचं घड्याळ चाक फिरल्यावर सुरू होत नाही, डोळा उघडल्यावर सुरू होतं. माझ्या ट्रकचालक बंधूंनी, त्यांच्या घरच्यांनी आणि गाडीमालकांनी एवढी एक गोष्ट मनावर घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कायदा काय मोजतो

चालकाच्या कामाचे तास आपल्याकडे 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ठरवून दिले. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास. सलग 5 तास काम झालं की निदान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग 9 तास मोकळे. आठवड्याला एक सुटी. लांब पल्ल्यासारख्या कारणासाठी परवानगीनं 10 तासांपर्यंत सूट. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 91 चालकांसाठी याच तासांचा आधार घेतं. आता कामगार कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या आहेत, तरी दिवसाचं माप आठ तासांचंच आहे.

1961 च्या कायद्यानं गाडी पळत असतानाचा वेळच नव्हे, तर गाडीशी आणि मालाशी संबंधित इतर कामाचा वेळही कामाच्या तासांत धरला होता. रस्त्यावर मात्र हिशेब होतो तो खेपांचा आणि किलोमीटरचा. खळ्यावर, गोदामात, बंदराबाहेरच्या रांगेत ताटकळलेले तास कुणाच्याच वहीत येत नाहीत. ज्याची स्वतःची एकच गाडी आहे आणि जो स्वतःच ती चालवतो, त्याचे तास मोजणारं तर कुणीच नसतं. म्हणून कायदा पाळा, पण त्यावरच विसंबू नका. तुमच्या अंगात किती जागरण साचलंय हे तुम्हालाच मोजावं लागेल.

जागरणाची नशा

सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा मेंदू किती मंदावतो, याचे प्रयोग झाले आहेत. रक्तात दर 100 मिलीलिटरमागे 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका. चोवीस तासांच्या जागरणानंतर हाच आकडा 100 च्या घरात जातो. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे 30 मिलिग्रॅमची. म्हणजे ज्या चालकानं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तोही पहाटे पाचला उठून रात्री दहानंतर स्टिअरिंगवर बसला, तर त्याचे हात, डोळे आणि निर्णय पिऊन बसलेल्या माणसासारखे चालतात. पोलिसांच्या यंत्रात फुंकून हे कळत नाही, एवढाच फरक.

त्यात वेळेचा फेरा असतो. कितीही वर्षं रात्रीची गाडी चालवली, तरी आपलं शरीर मूळचं दिवसाचं आहे. रात्री दोन ते पहाटे पाच-साडेपाच या वेळात झोपेचा जोर सगळ्यांत जास्त असतो. दुपारी दोन ते चार हा दुसरा, थोडा सौम्य पट्टा. माझा पेशंट कसारा घाटाशी पोचला तेव्हा रात्रीचे अडीच झाले होते. साडेएकवीस तासांचं जागरण आणि शरीराची सगळ्यांत अशक्त वेळ, दोन्ही एकाच वळणावर भेटली.

आणि झोप सांगून येत नाही. डोळे उघडे असतानाच मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. ताशी 60 किलोमीटरनं चाललेली गाडी चार सेकंदांत सुमारे 65 मीटर जाते. तेवढं अंतर वीस-पंचवीस टनांची गाडी कुणीच चालवत नसतं.

शरीर आधी खुणा करतं

पुढची एक जरी खूण दिसली तरी गाडी थांबवायची. अजून थोडं जाऊ, हा विचार करायचा नाही.

• जांभईवर जांभई, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं, पापण्या जड होणं.
• मान एकदम पुढे पडणं.
• मागचे पाच-सात किलोमीटर कसे गेले हे न आठवणं. घोटीचा टोल आठवतो आणि पुढचं आठवत नाही, ही तीच खूण होती.
• गाडी लेन सोडून पांढऱ्या पट्टीवर जाणं, गिअर टाकायला उशीर होणं.
• विनाकारण चिडणं, पुढच्या गाडीच्या फार जवळ जाणं.

समृद्धी महामार्गासारख्या सरळ, मोकळ्या रस्त्यावर जास्त सावध राहा. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरच्या या रस्त्यावर सिग्नल नाही, गाव मध्ये येत नाही. डोळ्यांना काम उरत नाही आणि थकलेला मेंदू तिथे लवकर पेंगतो.

काय उपयोगाचं, काय नाही

काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्यानं लावणं, हिरवी मिरची चावणं यांनी पाच-दहा मिनिटं तरतरी वाटते, झोप तशीच राहते. तंबाखू, मावा, गुटखा यांनी डोळे ताणले जातात, नंतरची झोप बिघडते आणि तोंडाच्या कॅन्सरचं दार उघडतं. काही मार्गांवर डोडा (अफूच्या बोंडांचा भुसा) किंवा ‘जागं राहायची गोळी’ मिळते. तिला हात लावू नका. तिचा असर उतरतो तेव्हा झोप दुपटीनं अंगावर येते, आणि तेव्हा तुम्ही घाटात आहात की वस्तीत, हे ती बघत नाही.

झोपेवर झोपेशिवाय औषध नाही. मग रस्त्यात ती कशी घ्यायची?

एक कप चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच आडवे व्हा. पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावा. चहा-कॉफीचा असर चढायला साधारण वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे तुम्ही उठाल तेव्हा तो तुमच्या मदतीला येईल. अर्ध्या तासाहून जास्त झोपून मध्येच उठलात तर डोकं जड होतं. वेळ असेल तर सरळ दीड तास झोपा. उठल्यावर लगेच गाडी काढू नका. दहा-पंधरा मिनिटं चाला, टायर ठोकून बघा, दोर तपासा, मग बसा. ही डुलकी पूर्ण झोपेची जागा घेत नाही. ती तुम्हाला पुढच्या सुरक्षित मुक्कामापर्यंत नेते. चोवीस तासांत सात तासांची झोप शरीराला द्यावीच लागते.

गाडी पंपावर, ढाब्यावर किंवा ट्रकसाठी राखलेल्या जागेत लावा. रस्त्याच्या कडेला, लेनमध्ये अर्धी गाडी ठेवून झोपणं म्हणजे मागून येणाऱ्या दुसऱ्या पेंगणाऱ्या माणसाची वाट बघणं आहे. चाकाला लावलेला दगड निघताना आठवणीनं उचला, मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर जातो. थंडीत केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून काचा बंद करून कधीच झोपू नका. विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

जेवणाचंही तसंच. रात्री निघण्यापूर्वी तर्रीचं मटण आणि वर भात असं पोटभर जेवलात की अंग सुस्तावतं. भाकरी, वरण, भाजी, ताक एवढं घ्या, मोठं जेवण मुक्कामाला करा. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी टाळू नका. पाणी कमी पडलं की थकवा आणि डोकेदुखी वाढते, मुतखड्याचा त्रासही होतो.

सर्दीची गोळी आणि साखरेची गोळी

सर्दी-खोकल्याच्या अनेक गोळ्या-सिरपमध्ये झोप आणणारं औषध असतं. क्लोरफेनिरामीन हे त्यातलं नेहमीचं नाव, सेट्रिझिननंही अनेकांना झापड येते. पाठदुखीच्या काही गोळ्यांचंही तसंच. औषध घेताना डॉक्टरांना आणि दुकानदाराला आधीच सांगा, ‘‘मी गाडी चालवतो.’’ मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी चालू असेल, तर उपाशीपोटी गाडी चालवू नका. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर गाडी बाजूला घ्या, साखर खा, पंधरा मिनिटं थांबा. केबिनमध्ये साखर-गुळाची पुडी कायम ठेवा.

घोरणं हा आजारही असू शकतो

त्या दिवशी खांदा तपासून झाल्यावर मी त्यांच्या बायकोला विचारलं, ‘‘हे घोरतात का?’’ ती म्हणाली, ‘‘शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मध्येच आवाज बंद पडतो, मला वाटतं श्वासच थांबला. मग एकदम गचका देऊन सुरू होतो.’’

डॉक्टरला निदानाच्या वाटेवर आणणारं वाक्य हेच. या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाच्या मागचा भाग मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. रात्रभर हे चालतं. सकाळी आठ तास झोपून उठलेला माणूसही न झोपल्यासारखा असतो. मोठं पोट, जाड मान, सकाळची डोकेदुखी, आटोक्यात न येणारं ब्लड प्रेशर, बसल्या बसल्या लागणारी डुलकी, ही त्याची लक्षणं. शर्टाची कॉलर 17 इंच किंवा त्याहून मोठी लागत असेल तर जास्त जपा.

तपासणी एका रात्रीची असते, हल्ली घरीही करता येते. वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं यांनी फरक पडतो. आजार जास्त असेल तर सीपॅप नावाचं यंत्र लागतं. ते नाकावाटे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. काही यंत्रं अडॅप्टर लावून गाडीच्या बॅटरीवरही चालतात. उपचार घेणारे चालक महिन्याभरात सांगतात की किती वर्षांनी दिवस उजाडल्यासारखा वाटला. लायसन्स जाईल या भीतीनं घोरणं लपवू नका. घरातल्या माउलींनो, तुम्ही जे रात्री ऐकता ते डॉक्टरांपर्यंत पोचवा. चालकाला स्वतःचा अडलेला श्वास ऐकू येत नाही.

मालकांना आणि व्यापाऱ्यांना

गाडीला जीपीएस लावलेलं असतं. मोबाइलवर गाडी थांबलेली दिसली की फोन जातो, ‘‘का थांबलास?’’ हा फोन झोपेतून उठवतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर काढतो. रात्री थांबलेली गाडी ही चांगली बातमी समजा. लांबच्या खेपेला दुसरा चालक द्या. वेळेत पोचल्यास बक्षीस आणि उशीर झाला तर भाडेकपात, ही रीत बदला. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्यांत एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षं धावणार आहेत. त्यांच्या केबिनला निदान पडदा, पंखा आणि धड गादी द्या.

व्यापाऱ्यांनो, गोदामवाल्यांनो, गाडी भरेपर्यंत चालकाला झोपायला एक सावलीची जागा, एक खाट आणि स्वच्छ संडास एवढं केलंत तरी तुमचा माल सुखरूप पोचेल, आणि तो नेणारा माणूसही.

ते चालक परवा पुन्हा आले. खांदा बरा आहे, झोपेच्या तपासणीची तारीख मिळाली आहे. खळ्याच्या मालकाशी ते स्वतः बोलले. आता गोण्यांची मोजणी क्लिनर बघतो आणि हे संध्याकाळी सहा ते दहा तिथल्याच शेडमध्ये झोपतात. खिशातून त्यांनी ट्रिपची वही काढून दाखवली. डिझेल, टोल, हमाली, भत्ता. या सगळ्यांच्या वर, पानाच्या पहिल्या ओळीत, आता एक नवी नोंद असते: ‘उठलो – 5.00’. निघताना ते ती ओळ बघतात, तास मोजतात. आणि संध्याकाळची झोप झाली असेल तर ती नोंद खोडून खाली दुसरी करतात: ‘उठलो – रात्री 10.00’.

तुमच्याही वहीच्या पहिल्या ओळीत ती नोंद येऊ द्या. तिच्यापासून सोळा तास झाले असतील तर गाडी जिथे सुरक्षित थांबेल तिथे थांबवा. माल उशिरा पोचला तर बोलणी खावी लागतील, ती दोन दिवसांत विसरली जातात.