धम्म-अभ्यास : जीबन रॉय आणि सेंग खासी



१८४१ साली वेल्श मिशनरी थॉमस जोन्स आजच्या मेघालयातील खासी लोकांत आले. त्यांनी खासी भाषा रोमन लिपीत बसविली, शाळा काढल्या. शिकलेले तरुण ख्रिस्ती होऊ लागले. जीबन रॉय यांनी याला पुस्तकांनी उत्तर दिले. १८९६ मध्ये त्यांनी ‘री खासी’ छापखाना काढला, खासी धर्मावर लिहिले. बुद्धचरित्रही खासीत आणले. २३ नोव्हेंबर १८९९ रोजी शिलाँगला १६ तरुणांनी ‘सेंग खासी’ संस्था स्थापली. तिची शिकवण अशी : सचोटीने कमवा, माणसाला जाणा, ईश्वराला जाणा, आईकडची व बापाकडची नाती जाणा.

आपण ईश्वर मानीत नाही. आपला मार्गही उलटा. खासींना त्यांच्या जुन्या धर्मात मान होता. आपल्याला अस्पृश्यता मिळाली. म्हणून बाबासाहेबांनी १९५६ साली तो धर्म टाकून बुद्धाचा धम्म दिला. तरीही कसोटी एकच : धर्म माणसाला स्वाभिमान व सदाचार देतो काय?

आणि धडाही एकच. धर्म टिकतो तो घराघरांतील अभ्यासाने. वाचकहो, २२ प्रतिज्ञांपैकी किती आपल्या मुलांना अर्थासह सांगता येतात? आजच विचारून पाहा.