कचऱ्याच्या डोंगरातून वीज: कर्ज काढण्याआधी हा हिशेब करा



“सर, कचरा फुकट, गॅस फुकट, मग वीजही फुकटच ना?” हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आहे, नाही! वही-पेन घ्या, हिशेब मांडू.

गॅस येतो कुठून?
डंपिंग ग्राउंडमध्ये ओला कचरा खाली दबतो, त्याला हवा मिळत नाही. तो कुजताना गॅस तयार होतो. त्यात साधारण निम्मा मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. कचऱ्यात बोअर घेऊन छिद्रांचे पाइप टाकतात, ब्लोअरने गॅस ओढतात, पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड काढून इंजिनला देतात. सफाई टाळली, तर इंजिन गंजलंच समजा.

वीज किती?
1 घनमीटर गॅसमध्ये साधारण 5 युनिटइतकी ऊर्जा असते. इंजिन त्यातल्या तिसऱ्या हिश्शाचीच वीज करतं, म्हणजे दीड ते पावणेदोन युनिट. 100 किलोवॅटचं इंजिन तासाला 60 घनमीटरच्या आसपास गॅस खातं.

खरा धोका कुठे?
अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ प्युएंते हिल्स ही प्रचंड मोठी कचराभूमी आहे. तिच्या गॅसवर एकेकाळी सुमारे 50 मेगावॅट वीज व्हायची. 2013 मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं. नवा कचरा थांबला की गॅस वर्षागणिक घटत जातो. बँकेचा हप्ता मात्र घटत नाही! म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा धरून पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न मांडू नका.

मग आपण काय करायचं?
डंपिंग ग्राउंड नगरपालिका-महापालिकेचं. तिथे टेंडर आणि मोठं भांडवल लागतं. आपल्या आवाक्यातलं म्हणजे हॉटेल किंवा मंडईचा ओला कचरा घेऊन चालणारा बंद टाकीचा बायोगॅस प्लांट. इथे रोज ताजा कचरा टाकता येतो, त्यामुळे गॅस टिकतो. पण कचरा वेगळा करून, रोज मिळेल असा लेखी करार आधी करा.

आणि वीजच करायची असा हट्ट नको. 1 घनमीटर बायोगॅस चुलीत जाळला, तर साधारण 450 ग्रॅम एलपीजी वाचतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या कमर्शियल सिलिंडरचा दर 19 किलोने भागा, त्याला 0.45 ने गुणा. दुसरीकडे दीड युनिट विजेचा दर लिहा. जो आकडा मोठा, तो तुमचा धंदा!