जुन्या ट्रॅक्टरची पारख : फर्ग्युसन टी. ई. २० चे उदाहरण

वाडवडिलांच्या वेळचा ट्रॅक्टर गोठ्यालगत पत्र्याखाली उभा असतो. चाके जमिनीत रुतलेली असतात, बॉनेटमध्ये चिमण्यांनी घरटी केलेली असतात आणि घरातील वाटणीच्या वेळी त्या यंत्राचे काय करावयाचे हा प्रश्न निघतो. भंगारवाला वजनावर भाव सांगतो. दुसरा कोणी शहरातील शौकीन मनुष्य येतो व त्याच्या कितीतरी पट रक्कम देऊ करतो. अशा वेळी दोन्ही भाव कशावरून ठरले हे मालकास ठाऊक नसते आणि बहुधा तो पहिल्या येणाऱ्यास यंत्र देऊन मोकळा होतो. याच्या उलट प्रकारही घडतो. चकचकीत रंग दिलेले जुने यंत्र ‘अस्सल, मूळ स्थितीतील’ म्हणून खपविले जाते व घेणाऱ्याची पुंजी त्यात अडकून पडते. या दोन्ही प्रसंगी यंत्राची पारख करता यावी यासाठी एका सुप्रसिद्ध यंत्राचे उदाहरण घेऊन पुढील विवेचन केले आहे.

ते यंत्र म्हणजे हॅरी फर्ग्युसन यांचा टी. ई. २० ट्रॅक्टर. नांगर ट्रॅक्टरमागे दोरखंडाने ओढलेल्या गाडीसारखा न बांधता तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिक शक्तीने उचलण्याची व नांगराची ओढ आपोआप सांभाळण्याची त्यांची पद्धत आज जगातील बहुतेक सर्व ट्रॅक्टरांत रूढ झालेली आहे. इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यात १९४६ ते १९५६ या काळात या जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. नावातील पहिली दोन अक्षरे ‘इंग्लंडमध्ये बनलेला ट्रॅक्टर’ एवढेच सांगतात. अमेरिकेत डेट्रॉईट येथे १९४८ पासून बनलेल्या जुळ्या भावास टी. ओ. २० असे नाव होते. यंत्राचे वजन अवघे अकरा क्विंटलच्या आसपास भरते. भंगारवाल्याचा हिशेब येथेच संपतो, पारख करणाऱ्याचा मात्र येथून सुरू होतो.

आपल्याकडे या घराण्याचा संबंध दूरचा नाही. टी. ई. २० नंतर १९५६ मध्ये फर्ग्युसन ३५ निघाला. मॅसे-हॅरिस कंपनीशी १९५३ मध्ये झालेल्या एकीकरणानंतर पुढे मॅसे फर्ग्युसन हे नाव रूढ झाले आणि मद्रास येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने त्याच घराण्यातील ट्रॅक्टर आपल्या देशात बनविले. १०३५ या नावाने जो ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे तो याच ३५ चा वंशज होय. म्हणूनच ३५ चे सुटे भाग वापरून जुन्या फर्ग्युसनची डागडुजी करण्याचा मोह फिटरला होतो. डागडुजी म्हणून त्यात वावगे काही नाही, पण विकताना ते यंत्र ‘मूळ’ म्हणता येत नाही.

पारखीचा आरंभ क्रमांकपट्टीपासून करण्याची रीत आहे. टी. ई. २० वर ही पट्टी चालकासमोरील फलकावर असते व तीवरील क्रमांकावरून बांधणीचे वर्ष काढता येते. १९४६ या पहिल्या वर्षात केवळ सुमारे तीनशे यंत्रे निघाली. त्यामुळे त्या वर्षाच्या यंत्रास संग्राहकांत विशेष मान आहे. परंतु पट्टी हा पुरावा दुबळा आहे हे प्रथम लक्षात घ्यावे. हुबेहूब नव्या पट्ट्या बाजारात मिळतात आणि हवा तो क्रमांक त्यांवर ठोकता येतो. तेव्हा पट्टीपेक्षा तिच्या रिव्हेटांकडे व तिच्या मागील रंगाकडे पाहावे. सत्तर वर्षे एका जागी बसलेल्या पट्टीखाली रंगाचा जुना थर राहतो व कडेला मळाची रेघ धरते. नव्या रिव्हेटांनी बसविलेली स्वच्छ पट्टी दिसल्यास विक्रेत्यास कारण विचारावे. पट्टी सडल्यामुळे बदलली असेल तर जुनी पट्टी जपून ठेवलेली असावयास हवी.

पट्टीपेक्षा इंजिन अधिक खरे बोलते. आरंभीच्या यंत्रांत अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीचे इंजिन बसविलेले असे. १९४७ पासून स्टँडर्ड मोटर कंपनीचे स्वतःचे इंजिन येऊ लागले व १९४८ मध्ये कॉन्टिनेंटल बंद झाले. स्टँडर्डच्या पेट्रोल इंजिनाच्या यंत्रास टी. ई. ए. २०, १९४९ पासून निघालेल्या रॉकेलसदृश जड तेलावर चालणाऱ्या यंत्रास टी. ई. डी. २० व १९५१ पासून निघालेल्या डिझेल यंत्रास टी. ई. एफ. २० अशी नावे होती. स्टँडर्डच्या याच घडणीचे इंजिन व्हॅनगार्ड मोटारीत होते आणि ती मोटार मद्रास येथेही जोडली जात असे. त्यामुळे आपल्याकडे इंजिनाचे भाग इकडचे तिकडे झालेले असणे अगदी स्वाभाविक मानावे.

जड तेलाचे यंत्र ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. त्याच्या टाकीला दोन कप्पे असतात, लहान कप्पा सुरुवातीच्या पेट्रोलसाठी व मोठा तेलासाठी. इंजिन तापल्यावरच तेलाचा नळ उघडावयाचा असे. तेलाची वाफ नीट व्हावी म्हणून मॅनिफोल्डवर उष्णता कोंडून धरणारे पत्र्याचे आवरण असते. पट्टी टी. ई. डी. ची आणि टाकी एककप्पी असल्यास टाकी तरी बदललेली आहे अथवा पट्टी तरी. कित्येक यंत्रांत १९५० नंतरच्या काळात पर्किन्स कंपनीचे तीन सिलिंडरचे पी-३ डिझेल इंजिन मागाहून बसविले गेले. असे यंत्र ‘मूळ’ नव्हे. तरीही त्यास कमी लेखून, ते इंजिन उपटून काढून पेट्रोल इंजिन बसविणे शहाणपणाचे नाही. त्या काळच्या शेतकऱ्याने इंधनखर्चाचा विचार करून केलेला तो बदल स्वतःच इतिहासाचा भाग आहे, आणि जाणकार संग्राहक त्याचीही किंमत करतात.

आता शरीररचनेकडे वळावे. टी. ई. २० चे बॉनेट पुढील बाजूस बिजागरीवर असून एकसंध पुढे कलते. दिसण्यात साम्य असलेल्या फोर्ड-फर्ग्युसन यंत्राचे बॉनेट तसे कलत नाही. गिअर पुढे जाण्याचे चार व मागे येण्याचा एक. इंजिन सुरू करण्याचा स्टार्टर वेगळ्या बटणावर नसून गिअरच्या दांड्यावरच असतो. दांडा ‘एस’ या खुणेवर नेल्याखेरीज यंत्र सुरू होत नाही, त्यामुळे गिअरमध्ये असताना ते अवचित पुढे उसळण्याचे भय राहत नाही. ही सोय तोडून तेथे बटण बसविलेले आढळल्यास तो दोष समजावा, आणि केवळ संग्राहकाच्या दृष्टीने नव्हे. हायड्रॉलिकचा दांडा एकच असतो, कारण टी. ई. २० मध्ये फक्त ओढीवर चालणारे नियंत्रण आहे. अवजाराची उंची ठरविणारा दुसरा दांडा ३५ पासून आला. ३५ ला गिअरही सहा पुढील व दोन मागील होते. दोन दांडे दिसले की मागील भाग ३५ चा आहे असे खुशाल समजावे.

रंगाबाबत फार फसवणूक होते. टी. ई. २० संपूर्ण राखी रंगाचा असे, चाके व इंजिनदेखील त्याच रंगाची. १९५६ च्या फर्ग्युसन ३५ चे पत्रे राखी व खालचे यंत्र तांबूस सोनेरी होते. मॅसे फर्ग्युसनचा लाल रंग त्यानंतर आला. तेव्हा लाल टी. ई. २० हा मागाहून रंगविलेला होय, आणि राखी रंगाखाली लाल थर निघाला तर तो भाग कोठून आला याची चौकशी करावी. ही तपासणी दर्शनी पत्र्यावर करण्यात अर्थ नाही. बॅटरीच्या तबकाखाली, हत्यारांच्या पेटीच्या आत, आसनाच्या पट्टीमागे रंगारी सहसा पोहोचत नाही. मडगार्डवर साधे लोहचुंबक फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते.

बोल्टही तपासावेत. हे यंत्र इंची मापाचे आहे. जागोजाग मिलिमीटरचा पाना चपखल बसू लागला तर बोल्ट नव्या बाजारातील आहेत. फर्ग्युसनने यंत्रासोबत दिलेल्या पान्यावर इंचांच्या खुणा असत व नांगराची तासाची रुंदी मापण्यास शेतकरी तो पट्टीसारखा वापरीत. असा मूळ पाना, जुने पुस्तक व मूळ नांगर यंत्राबरोबर निघाल्यास त्याची किंमत निश्चित वाढते. घर झाडताना या वस्तू सर्वात आधी भंगारात जातात.

अनेक कारखान्यांच्या बिडाच्या ओतीव भागांवर ओतकामाची तारीख उठावदार अक्षरांत किंवा संकेतात असते. नियम साधा आहे. भाग ओतल्यावर काही काळाने यंत्र जुळविले जाते, म्हणून ओतकामाची तारीख यंत्राच्या तारखेच्या थोडी आधीची असली पाहिजे. ती नंतरची असल्यास तो भाग बदललेला आहे, यात वाद राहत नाही.

हे सर्व एकत्र कसे मांडावयाचे ते एका कल्पित यंत्रावरून पाहू. विक्रेता म्हणतो, ‘१९४६ चे यंत्र, मूळ स्थितीत.’ पट्टीवरील क्रमांक शंभराच्या आत आहे. रंग राखी व नवा. बॉनेट उघडल्यावर स्टँडर्डचे इंजिन दिसते. विजेची व्यवस्था बारा व्होल्टची आहे, आरंभीच्या यंत्रांत ती सहाची असे. पट्टीचे रिव्हेट नवे आहेत. यांपैकी एकेक गोष्टीस स्वतंत्र उत्तर असू शकेल. इंजिन निकामी झाल्याने बदलले असेल, बल्ब मिळेनात म्हणून बारा व्होल्ट केले असतील. पण पट्टी सोडल्यास १९४६ कडे बोट दाखविणारी एकही वस्तू यंत्रावर नाही, आणि ती पट्टीच संशयास्पद आहे. अशा यंत्राची किंमत १९५० नंतरच्या सर्वसाधारण चालू टी. ई. २० एवढीच धरावी. जुनी छायाचित्रे, खरेदीची पावती किंवा नोंदणीचे पुस्तक दाखवून विक्रेत्याने शंका दूर केली तर गोष्ट वेगळी.

मूल्य ठरविताना दुर्मिळपणा व लोकप्रियता यांची गल्लत होऊ देऊ नये. पाच लाख बनलेले यंत्र दुर्मिळ नसते. किंमत वाढते ती पहिल्या वर्षाच्या, अरुंद चाकोरीच्या अथवा द्राक्षमळ्यासाठी बनविलेल्या यंत्रांची. १९३६ ते १९३९ या काळातील फर्ग्युसन-ब्राऊन हे त्याचे पूर्वज सुमारे तेराशेच निघाले, त्याची गोष्टच निराळी. प्रसिद्ध प्रसंगाशी जोडलेल्या यंत्राचे मोलही वाढते. एडमंड हिलरी यांची तुकडी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली ती फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर. मात्र अशी कथा कोणी सांगू लागल्यास कागद मागावा. कथा फुकट मिळतात. आपल्या देशातही हाच न्याय लागतो. १९५९ मध्ये फरिदाबाद येथे निघालेले पहिले आयशर किंवा १९६३ च्या स्थापनेनंतर मुंबईस कांदिवली येथे बनलेले आरंभीचे इंटरनॅशनल बी-२७५ कोठे शिल्लक असतील तर ते भंगारात देण्यापूर्वी मालकाने थांबावे.

पुनरुद्धाराच्या खर्चाविषयी स्पष्ट बोलणे जरूर आहे. टायर, इंजिनाचे काम, पत्रा, रंग यांवर जो खर्च होतो तो सर्वसाधारण यंत्राच्या विक्रीतून परत येत नाही. शिवाय जुना रंग शिल्लक असलेले, गंजाने खाल्लेले नसलेले यंत्र अलीकडे रंगविलेल्या यंत्रापेक्षा अधिक पसंत केले जाते. देवळाच्या जीर्णोद्धारात कोरीव दगडावर ऑइलपेंट फासण्याची जी हौस गावोगाव दिसते तीच येथेही नडते. वाळूचा मारा करून खरवडलेल्या यंत्रावरील ओतकामाच्या खुणा, पुसट क्रमांक व कारखान्याचा रंग पुन्हा आणता येत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एवढा एक सल्ला वेळेवर दिला तरी पुष्कळ नुकसान टळेल. भाव ठरेपर्यंत यंत्र धुऊ नये, रंगवू नये, काढलेला भाग फेकू नये. त्यास चिठ्ठी बांधून ठेवावा.

यंत्र चालू म्हणून विकले जात असल्यास ते गार असतानाच सुरू करून पाहावे. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवले असल्यास दुसऱ्या दिवशी यावे. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. लिफ्टवर वजन ठेवून ती उचलावी, इंजिन बंद करावे व ती किती वेळात खाली येते ते पाहावे. या यंत्रात हायड्रॉलिकचा पंप पी. टी. ओ.च्या दांड्यावर चालतो. त्यामुळे क्लच दाबल्यावर उचलण्याचे काम थांबणे हा दोष नाही, तशी रचनाच आहे.

व्यवहारापूर्वी नोंदणी पुस्तकातील इंजिन व चेसिस क्रमांक यंत्रावरील क्रमांकांशी जुळवावेत. कागद व पेन्सिल यांनी यंत्रावरील क्रमांकाचा ठसा घेऊन तो पुस्तकाशेजारी ठेवावा. नाव मृत आजोबांचे असल्यास वारस नोंद आधी करून घ्यावी, कारण वाटणी न झालेल्या घरात एका भावाने केलेली विक्री दुसरा भाऊ अडवू शकतो. आणि विकत घेतलेले यंत्र प्रदर्शनाखेरीज शेतात चालवावयाचे असेल तर त्या काळच्या ट्रॅक्टरांवर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी चौकट नसते हे ध्यानात ठेवून ते उताराच्या बांधावर नेऊ नये, तसेच पी. टी. ओ.च्या फिरत्या दांड्यावर झाकण बसविल्याखेरीज त्यास कोणतेही अवजार जोडू नये.