घरची बोली आणि शाळेची भाषा

वरणगाव परिसरातील एखादे बालक ‘डोळा’ न म्हणता ‘डोया’, ‘केळी’ न म्हणता ‘केयी’ म्हणते. हा वाचादोष समजावा काय? नव्हे. ‘ळ’चा ‘य’ होणे हा येथील लेवा बोलीचा नियमच होय. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी अक्षरओळख नसताना याच बोलीत काव्य रचिले.

१८६१ साली पॉल ब्रोका या फ्रेंच वैद्यांनी वाणी लोपलेल्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या पुढील भागी इजा झाल्याचे दाखविले. पुढील संशोधनावरून असे दिसते की, द्विभाषिकाच्या मेंदूत दोन्ही भाषा एकाच वेळी जागृत असतात. एकीस आवरून दुसरीतील शब्द निवडावा लागतो. उत्तरास होणारा क्षणाचा विलंब म्हणजे बुद्धिमांद्य नव्हे. शिवाय मायेच्या कुशीत शिकलेले शब्द भावनेशी अधिक जोडलेले असतात. त्यांचा उपहास मुलाच्या जिव्हारी लागतो.

शिक्षकांनी कसोटी अशी लावावी : मूल घरच्या बोलीत सुसंगत गोष्ट सांगते काय? सांगत असल्यास प्रमाणभाषेचा सराव द्यावा. दोन्हींत अडखळत असल्यास प्रथम श्रवणतपासणी करवून वाचातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ‘डोया’ म्हणणाऱ्यास गप्प न बसविता त्याच्याशेजारी ‘डोळा’ हा शब्द फळ्यावर लिहावा.