यंत्रांचा कारभारी

घर लहान असलें म्हणजे घरांतील वस्तूंची यादी करावी लागत नाहीं. कोणती वस्तु कोठें ठेविली, कोणीं नेली, कधीं परत आणून दिली, हें सर्व घरच्या बाईच्या ध्यानांत असतें. परंतु घराची पेढी झाली, आणि पेढीच्या गांवोगांवीं शाखा निघाल्या, म्हणजे केवळ स्मरणशक्तीवर व्यवहार चालत नाहीं. तेथें वही लागते, किल्ल्यांचा जुडगा लागतो, आणि हीं दोन्हीं ज्याच्या स्वाधीन करावयाचीं असा एक कारभारी लागतो. तो जागरूक असेल तर पेढी सुरक्षित राहते. तो निष्काळजी असेल तर चोरास दार उघडें सांपडतें. आणि तो आपली मर्यादा विसरला तर ज्यांचें रक्षण करावयाचें त्यांनाच त्याचें भय वाटूं लागतें.

प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका कारभाऱ्याची ओळख विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून देणार आहों. हा कारभारी मनुष्य नसून सॉफ्टवेअर आहे. बँका, रुग्णालयें, सरकारी कचेऱ्या, कारखाने व विद्यापीठें यांच्याजवळ आज हजारों संगणक, लॅपटॉप, टॅब्लेट व मोबाइल असतात. हीं सर्व यंत्रें एका इमारतींत नसतात. कांहीं कचेरींतील मेजावर असतात, कांहीं नोकरांच्या घरीं जातात, तर कांहीं आगगाडींतून प्रवास करितात. या सर्वांची नोंद ठेवणारें व त्यांना एका ठिकाणाहून आज्ञा देणारें जें सॉफ्टवेअर असतें, त्यास 'डिव्हाइस मॅनेजमेंट' असें म्हणतात.

याचा इतिहास फार जुना नाहीं. १९९४ सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर' या नांवाचें सॉफ्टवेअर बाजारांत आणलें. त्या काळीं संगणक बहुधा कचेरीच्या भिंतींच्या आंतच राहत, म्हणून त्यांची देखरेख कचेरीच्या तारांवरून करितां येई. पुढें २००७ सालीं ॲपल कंपनीचा आयफोन निघाला, आणि थोड्याच वर्षांत लोक आपल्या खिशांतील फोनवरच कचेरीचीं पत्रें वाचूं लागले. यंत्रें भिंतींच्या बाहेर पडलीं. तेव्हां कारभाऱ्यासहि बाहेर पडणें भाग झालें. २०१० सालीं ॲपलनें आयफोन दुरून सांभाळण्याची सोय आपल्या प्रणालींतच करून दिली. २०११ सालीं मायक्रोसॉफ्टनें 'इंट्यून' ही इंटरनेटवरून चालणारी सेवा सुरू केली.

आतां हा कारभारी काम कसें करितो तें पाहूं. पहिली पायरी नोंदणीची. नवें यंत्र संस्थेच्या वहींत दाखल होतें, आणि त्यास एक डिजिटल ओळखपत्र मिळतें. त्या ओळखपत्रामुळें यंत्र व मध्यवर्ती सर्व्हर एकमेकांस ओळखतात. दुसरी पायरी हजेरीची. ठराविक वेळानें प्रत्येक यंत्र सर्व्हरला आपली हकीकत कळवितें: आपण कोणत्या प्रकारचें आहों, आपली प्रणाली कोणत्या आवृत्तीची आहे, आपल्यावर कोणतीं ॲप्स आहेत, आपल्यांतील माहिती कुलूपबंद आहे कीं नाहीं. तिसरी पायरी आज्ञेची. पासवर्ड किती अक्षरांचा असावा, कोणतें ॲप घालावें, कोणतें काढावें, हें सर्व्हर सांगतो व यंत्र तसें वागतें. एखादा फोन हरवला तर कारभारी त्यास दुरूनच कुलूप लावूं शकतो, आणि जरूर पडल्यास त्यांतील सर्व माहिती पुसूनहि टाकूं शकतो.

फोन संस्थेचा नसून नोकराचा स्वतःचा असेल, तर त्यांत कामाचा एक वेगळा कप्पा करण्याची सोय अँड्रॉइड फोनांत आहे. त्या कप्प्यापुरतीच कारभाऱ्याची सत्ता चालते. कुटुंबाचीं छायाचित्रें व खाजगी निरोप कप्प्याबाहेर राहतात, व तेथें त्याची दृष्टि पोहोंचत नाहीं. ही सोय वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें महत्त्व पुढें दिसून येईल.

या सर्व कामांत अत्यंत महत्त्वाचें काम ठिगळें लावण्याचें. संगणकाची प्रणाली कोट्यवधि अक्षरांची लिहिलेली असते, आणि इतक्या मोठ्या लिखाणांत कोठें ना कोठें उणीव राहतेच. अशी उणीव म्हणजे कुंपणांतील भगदाड. तें सांपडलें म्हणजे कंपनी दुरुस्ती पाठविते. तिलाच इंग्रजींत 'पॅच', म्हणजे ठिगळ, म्हणतात. परंतु ठिगळ शिवून तयार असणें निराळें, आणि तें प्रत्येक वस्त्रास लागणें निराळें. हा भेद न कळल्यामुळें केवढा अनर्थ झाला, त्याचें एक उदाहरण इंग्लंडांतील आहे.

१४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज प्रणालींतील एका गंभीर उणिवेवर ठिगळ प्रसिद्ध केलें. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या संगणक खात्यानें मार्च व एप्रिल या दोन्ही महिन्यांत रुग्णालयांस सूचना पाठविल्या कीं, हें ठिगळ लावून घ्या. पुष्कळ ठिकाणीं तें लावलें गेलें नाहीं. १२ मे रोजीं 'वॉनाक्राय' नांवाचें दुष्ट सॉफ्टवेअर त्याच भगदाडांतून आंत शिरलें. तें संगणकांतील माहितीस कुलूप लावी, व किल्लीसाठीं खंडणी मागे. त्याची झळ दीडशेंच्या आसपास देशांस लागली. परंतु इंग्लंडांत तिनें रुग्णांस गांठलें. त्या देशाच्या राष्ट्रीय हिशेबतपासणी कचेरीनें ऑक्टोबर २०१७ मध्यें दिलेल्या अहवालांत म्हटलें आहे कीं, आरोग्य सेवेच्या २३६ ट्रस्टांपैकीं निदान ८१ ट्रस्टांच्या कामांत व्यत्यय आला, ५९५ डॉक्टरांच्या दवाखान्यांतील यंत्रें बाधित झालीं, आणि शस्त्रक्रिया धरून अदमासें १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या. पांच भागांतील तांतडीच्या रुग्णांस दूरच्या रुग्णालयांत जावें लागलें.

त्या अहवालांतील एक गोष्ट आमच्या मतें सर्वांत बोधप्रद आहे. वरिष्ठांनीं सूचना पाठविल्या होत्या. पण त्या पाळल्या गेल्या कीं नाहींत, हें तपासून पाहण्याची रीतसर व्यवस्था आरोग्यखात्याजवळ नव्हती. पत्र गेलें, परंतु पत्राप्रमाणें काम झालें काय, हें विचारणारा कोणी नव्हता. कारभाऱ्याच्या वहीचें मोल येथें समजतें. जो आपल्या ताब्यांतील वस्तु मोजीत नाहीं, त्याला त्यांचें रक्षणहि करितां येत नाहीं.

येथें एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, 'मग प्रत्येक ठिगळ येतांक्षणींच सर्व यंत्रांस एकदम लावून टाकावें!' या उतावीळपणाचें फळ १९ जुलै २०२४ रोजीं जगास दिसलें. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचें सॉफ्टवेअर यंत्रांच्या कारभाऱ्याचें नसून पहारेकऱ्याचें काम करितें. परंतु हजारों यंत्रांस एकाच वेळीं एकाच ठिकाणाहून बदल पाठविण्याची सत्ता त्याच्याहि हातीं असते. त्या दिवशीं त्या कंपनीनें पाठविलेल्या एका लहानशा फाइलींत दोष होता. कंपनीनें ती फाइल ७८ मिनिटांत मागें घेतली; पण तेवढ्या अवधींत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, ८५ लाख विंडोज यंत्रें बंद पडलीं. विमानें अडलीं, बँकांचे व रुग्णालयांचे व्यवहार खोळंबले, आणि आपल्या देशांतील विमानतळांवरहि कांहीं प्रवाशांस हातानें लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. बिघाड क्षणांत पसरला. परंतु दुरुस्तीसाठीं पुष्कळ ठिकाणीं एकेका यंत्रापाशीं मनुष्य जाऊन बसावा लागला.

या दोन उदाहरणांत विरोध नाहीं. एक सांगतें कीं, विलंब करूं नये. दुसरें सांगतें कीं, परीक्षा केल्यावांचून सर्वांवर एकदम प्रयोग करूं नये. म्हणून शहाणा कारभारी नवा बदल प्रथम थोड्या यंत्रांवर लावून पाहतो, तीं नीट चाललीं म्हणजे आणखी कांहींवर लावतो, आणि शेवटीं सर्वांवर. भात शिजला कीं नाहीं हें आपल्या घरीं एका शितावरून पाहतात. त्यांतलाच हा प्रकार.

आतां आम्ही तिसऱ्या व अधिक नाजुक विषयाकडे वळतों. वरील दोन्ही प्रसंगीं हानि झाली ती कामाची. परंतु कारभाऱ्याच्या हातची किल्ली मनुष्याच्या खाजगी जीवनाचेंहि दार उघडूं शकते. याचें उदाहरण एका शाळेचेंच आहे, म्हणून तें आपण सर्वांनीं लक्षपूर्वक वाचावें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहराजवळ लोअर मेरियन नांवाचा शाळा-विभाग आहे. तेथील हायस्कुलांच्या सुमारें २,३०० विद्यार्थ्यांस शाळेनें लॅपटॉप दिले होते. ते सांभाळण्यासाठीं जें सॉफ्टवेअर होतें, त्यांत चोरीस गेलेला लॅपटॉप शोधण्याची एक युक्ति होती. ती चालू केली म्हणजे लॅपटॉपचा कॅमेरा थोड्या थोड्या वेळानें आपोआप छायाचित्र काढी, व तें शाळेकडे पाठवी. ही गोष्ट विद्यार्थ्यांस व पालकांस सांगण्यांत आली नव्हती. युक्ति चालू केल्यावर ती केव्हां बंद करावी, याचाहि पक्का नियम नव्हता. परिणामीं लॅपटॉप सांपडल्यावरहि कांहीं कॅमेरे चित्रें काढीत राहिले, आणि मुलांच्या घरांतील, त्यांच्या निजण्याच्या खोल्यांतीलहि, चित्रें शाळेच्या सर्व्हरवर जमा झालीं. फेब्रुवारी २०१० मध्यें फिर्याद दाखल झाली. चौकशींत कॅमेऱ्याचीं व पडद्याचीं मिळून पन्नास हजारांहून अधिक चित्रें निघालीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत शाळा-विभागानें ६,१०,००० डॉलर देऊन तडजोड केली.

सरकारी वकिलांनीं या प्रकरणांत फौजदारी खटला भरला नाहीं, कारण गुन्ह्याचा हेतु सिद्ध करण्याजोगा पुरावा त्यांस आढळला नाहीं. हीच गोष्ट विचार करण्याजोगी आहे. येथें कोणी मुलांचें वाईट चिंतिलें असें सिद्ध झालें नाहीं. शाळेस आपली मालमत्ता राखावयाची होती. तरी पण मुलांचा विश्वास भंग पावला. सत्ता मोठी, नियम अपुरे, आणि ज्यांच्यावर ती चालते त्यांस माहिती नाहीं, असे तीन योग जुळले म्हणजे चांगल्या हेतूनेंहि अन्याय घडतो.

हा प्रश्न परदेशचा म्हणून आपणांस सोडून देतां येणार नाहीं. २०२० च्या टाळेबंदींत आपल्याकडील लहान मुलांच्याहि हातीं शिक्षणासाठीं फोन आले, आणि तेव्हांपासून शाळा व यंत्र यांचा संबंध वाढला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं एकमतानें निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा नागरिकांचा मूलभूत हक्क आहे. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. त्यांत अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वीं सामान्यतः आईबापांची संमति घेतली पाहिजे असें ठरविलें आहे. परंतु संमति द्यावयाची ती समजून दिली पाहिजे. न वाचतां केलेली सही ही संमति नव्हे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं, कोणत्याहि संस्थेनें मुलास यंत्र दिलें, किंवा मुलाच्या फोनवर कांहीं नोंदणी करावयास सांगितलें, तर चार प्रश्न नम्रपणें पण स्पष्टपणें विचारावे. या यंत्रांतील काय काय तुम्हांस दिसतें? तें पाहण्याचा अधिकार कोणास आहे? पाहिल्याची नोंद राहते काय? आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ही सत्ता कधीं संपते? चांगल्या संस्थेस या प्रश्नांचा राग येणार नाहीं. उलट तिच्याजवळ उत्तरें लिहून तयार असतील.

विद्यार्थ्यांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. फोनवर अपडेटची सूचना आली कीं 'नंतर' या शब्दावर बोट ठेवण्याची संवय पुष्कळांस आहे. इंग्लंडांतील त्या दोन महिन्यांचें स्मरण ठेवावें. आपल्या घरीं आईचा, बाबांचा, आजीचा असे तीनचार फोन असतील. त्यांची यादी करून, अपडेट वेळेवर होतें कीं नाहीं हें पाहण्याचें काम तुम्ही अंगावर घेतलें तर घरच्या मंडळींवर तो मोठाच उपकार होईल. मात्र तें करितांना आजीचे निरोप वाचण्याचा अधिकार तुम्हांस मिळाला आहे असें समजूं नये.

तुमच्यांपैकीं कांहीं जण पुढें संगणकविद्या शिकतील, आणि एखाद्या दिवशीं हजारों यंत्रांच्या किल्ल्या तुमच्या हातीं येतील. त्या वेळीं तुमच्यावर पहारा करणारा बहुधा कोणी नसेल. धनी दूर गेला असतां चाकर कसा वागतो, यावरून त्याची पारख करणारे दाखले शुभवर्तमानांत आहेत, ते आमच्या विद्यार्थ्यांनीं वर्गांत ऐकले आहेत. त्यांतील विश्वासू कारभारी वेळच्या वेळीं घरच्या मंडळींस अन्न देतो, आणि त्यांच्यावर दांडगाई करीत नाहीं. वेळेवर काळजी घेणें आणि हातांतील सत्तेस आवर घालणें, हीं दोन लक्षणें ज्याच्या अंगीं असतील त्याच्या हातीं संस्थेनें आपल्या किल्ल्या खुशाल द्याव्या.