बिलाचा प्रिंटर अडला तर आधी काय तपासाल?

ईदच्या आधीची गर्दी, काउंटरवर गिऱ्हाईक खोळंबलेले आणि बिलाचा प्रिंटर गप्प! अशा वेळी आपले बहुतेक दुकानदार बंधू प्रिंटचे बटण पुन्हा पुन्हा दाबतात आणि शेवटी मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक येतो, दोन मिनिटांत वायर नीट बसवतो आणि भेटीचे पैसे घेऊन जातो. त्यात त्याचा दोष नाही. पण दोष प्रिंटरात आहे की संगणकात, हे आपल्याला स्वतःला तपासता येते. त्याला खर्च काहीच नाही.

प्रिंटर बंद करा आणि संगणकाकडे जाणारी वायर काढा. आता फीडचे बटण दाबून धरा व तसेच धरून प्रिंटर चालू करा. बहुतेक थर्मल प्रिंटर अशाने स्वतःच्या चाचणीची चिठ्ठी छापतात. डॉट मॅट्रिक्सलाही अशी चाचणी असते. कोणते बटण धरायचे ते सोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. चिठ्ठी स्वच्छ छापून आली तर यंत्र ठीक आहे, दोष वायरीत किंवा संगणकात शोधा. नाही आली तर संगणकाला हात लावू नका.

थर्मल प्रिंटरमधून कागद सरकतो पण कोरा येतो, तेव्हा रोल उलटा बसलेला असण्याचा संभव फार. या कागदाला उष्णतेने काळे होणारे रसायन बहुधा एकाच बाजूला लावलेले असते. नखाने जोराने ओरखडा काढून पाहा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती बाजू छापणाऱ्या हेडकडे हवी. अक्षरात उभ्या पांढऱ्या रेघा दिसत असतील तर प्रिंटर बंद करून हेड थंड होऊ द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा. ब्लेड किंवा टाचणी लावली तर नवे हेडच घ्यावे लागेल.

डॉट मॅट्रिक्स पुष्कळ ठिकाणी गेला, तरी कार्बन प्रतींसाठी ट्रान्सपोर्टवाले व घाऊक व्यापारी तो अजून वापरतात. छपाई पुसट असेल तर रिबनच्या आधी जाडीची पट्टी पाहा. ती जाड कागदावर राहिली असेल तर साध्या कागदावर पिना नीट पोहोचत नाहीत. जुन्या रिबनवर शिक्क्याची शाई ओतण्याची काटकसर आम्हाला मुळीच पसंत नाही. रिबनच्या शाईत पिनांना वंगण देणारे तेल असते, शिक्क्याच्या शाईत ते नसते.

आता संगणकाकडे वळू. आपण छापायला दिलेले प्रत्येक बिल आधी रांगेत उभे राहते. पहिले अडकले की मागची सगळी अडकतात. म्हणून दहा वेळा बटण दाबले तर प्रिंटर सुरू होताच एकाच बिलाच्या दहा प्रती बाहेर पडतात. विंडोजमध्ये प्रिंटरची रांग उघडून ती थांबवलेली तर नाही ना, प्रिंटर ऑफलाइन तर दाखवत नाही ना, हे पाहा आणि अडकलेले काम रद्द करा. रद्दही होत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, विंडोजच्या ‘सिस्टिम ३२’ फोल्डरमधील ‘स्पूल’मध्ये ‘प्रिंटर्स’ नावाचे फोल्डर असते त्यातील फाइली काढा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. याने हिशेब जात नाही. बिल बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये जतन झालेलेच असते, पुसला जातो तो फक्त छापण्याचा हुकूम.

आणखी एक. झाडलोट करताना यूएसबी वायर दुसऱ्या खाचेत लावली गेली तर विंडोज कधी कधी त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’ म्हणून नवी नोंद करते आणि बिले जुन्या नावाकडे जाऊन पडून राहतात. वायर पूर्वीच्या खाचेत लावा. तसेच विंडोज १० व ११ मध्ये मुख्य प्रिंटर विंडोजनेच ठरवावा अशी सोय आहे, ती बंद ठेवलेली बरी. नाहीतर घरच्या कामासाठी दुसरा प्रिंटर एकदा वापरला की दुकानाचे बिल त्याच्याकडे जाते.

चाचणीची चिठ्ठीच येत नाही, रोल नीट बसला आहे, झाकण पक्के लागले आहे आणि तरी लाल दिवा जात नाही, तेव्हा मात्र मेकॅनिकला बोलवा आणि आपण काय काय तपासले ते त्याला आधीच सांगा.